बग्गीचं चाक का निखळतं?

आधी चाक आले. त्याच्या मागून बग्गी आली, पण ती एका अंगावर घसरत!

१८८९ सालातल्या मे महिन्यातला तो गुरुवार होता. कल्याणच्या शेनाळे तळ्याच्या काठावर रघु, गोदा आणि सहदेव कैऱ्या वाटून घेत बसले होते. चाक उतारावरून गडगडत आले, तिघांच्या मधून गेले आणि धबाक् करून तळ्यात शिरले.

"अरे, हे तर आमच्या बग्गीचं चाक!" रघु ओरडला.

रघु तेरा वर्षांचा. ठाण्याला इंग्रजी शाळेत शिकायचा आणि सुट्टीत कल्याणला काकांकडे यायचा. त्याच्या खिशात कायम एक वही आणि शिसपेन्सिल असे. दिसेल ते तो लिहून ठेवी.

तिघे धावत वर गेले. रस्त्यावर बग्गी डाव्या कुशीवर टेकली होती. हवालदार नावाचा घोडा काहीच झाले नाही अशा थाटात कडेचे गवत खात होता. रघुचे काका, दाजीसाहेब वकील, धुळीत बसले होते आणि त्यांची पगडी त्यांच्या मांडीवर होती.

"काळुराम!" दाजीसाहेब गरजले. "शिमग्यापासून हे तिसरं चाक निखळलं!"

"चाकं तर दोनच आहेत," सहदेव हळूच पुटपुटला. गोदाने त्याला कोपर मारले. काळुराम तिचा आजा होता.

"साहेब, सकाळी मी स्वतः पाना लावून नट आवळलेला. देवाशपथ!" काळुराम हात जोडून म्हणाला.

"आवळला असतास तर पडला कसा? तुझे हात थकले आता. शनिवारी भिवंडीचा व्यापारी येऊन घोडा घेऊन जाईल. आजपासून काळुरामने ही बग्गी हाकायची नाही! तू आपला गावी जा."

काळुरामने घोडा सोडला आणि त्याच्या मानेवरून हात फिरवत उभा राहिला.

गावी जायचे म्हणजे डोंबिवलीच्या खाडीकाठी मिठागरावर. साठाव्या वर्षी गुडघाभर खारट पाण्यात उभे राहायचे! आणि आजा गेला की गोदाही जाणार. तिथे मुलींची शाळा नव्हती.

गोदाचे डोळे भरून आले होते, पण तेवढ्यात तिला काहीतरी आठवले. ती रस्त्याने मागे पळत सुटली. शंभर-सव्वाशे पावलांवर तिला धुळीत चाकाचा नट सापडला. मुठीएवढा, जाड, लोखंडी. तिने तो फिरवून फिरवून पाहिला.

"बघा! आटे जसेच्या तसे आहेत. नट तुटला नाही, फिरून फिरून निघाला."

"म्हणजे आवळलाच नव्हता," सहदेव म्हणाला.

"माझा आजा खोटं बोलत नाही!"

"भांडू नका. उद्या सकाळी तपास!" रघुने वही उघडली. "आणि आधी तळ्यातून चाक काढा. सद्या, तू पोहतोस ना?"

"कामाची वेळ आली की बरा माझाच नंबर लागतो!" असे म्हणत सहदेवने पाण्यात उडी मारली.

*

शुक्रवारी सकाळी दाजीसाहेब आगगाडीने ठाण्याच्या कोर्टात गेले. जाताना त्यांनी स्टेशनापर्यंत बैलगाडी नेली. त्यांची गाडी सुटेपर्यंत तिन्ही पोरे तबेल्यात हजर होती.

"आजोबा, चाक कधी कधी पडलं?" रघुने पेन्सिलीला टोक करत विचारले.

काळुरामने बोटे मोजली. "शिमग्यानंतर आठ दिवसांनी, मुरबाडच्या रस्त्याला. तेव्हा उजवं पडलेलं. मग रामनवमीला, टिटवाळ्याहून येताना. आणि काल, म्हारळला जाऊन येताना."

"स्टेशनाला जाताना कधीच नाही?"

"कधी नाही. रोज दोन फेऱ्या होतात."

"लांब गेलं की पडतं, जवळ गेलं की नाही," रघुने लिहिले. "आणि शिमग्याच्या आधी?"

"शिमग्याच्या आधी बग्गी इथं होतीच कुठं? साहेबांनी ती ठाण्याच्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली. सहदेवच्या बापाने, धोंडीबाने, खोलून साफ करून दिली. मग माझ्या हाती आली. त्याआधी मी बैलांची दमणी हाकायचो. तिच्या चाकाला नट नसतो, साधी खीळ असते." काळुराम थांबला. "एक सांगू, बाय? दर सकाळी मी पाना लावतो, आणि दर सकाळी नट थोडा सैल झालेला असतो. दोन्ही बाजूंचा!"

"हे तुम्ही दाजीकाकांना सांगितलं नाही?" रघुने विचारले.

"ऐकून कोण घेतंय?"

चौघांनी मिळून चाक बसवले. गोदाने चुना आणला आणि प्रत्येक नटावर एक रेघ ओढली. तीच रेघ पुढे आसाच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या लोखंडी दांड्याच्या, टोकावरही नेली. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार!

"चला, ढकला! विहिरीपर्यंत!"

काळुराम पुढे दांड्या धरून, रघु आणि सहदेव मागून, अशी बग्गी विहिरीपर्यंत गेली. गोदा चाकाशी वाकली.

"फिरला! डावा नट जवाएवढा सैल झाला! उजवापण!"

अंगण अरुंद होते. तिथे बग्गी वळत नव्हती, म्हणून ती तशीच मागे ढकलत तबेल्यापर्यंत आणली. गोदाने पुन्हा पाहिले आणि डोळे चोळले.

"रेघा जुळल्या!"

"मघाशी तू चुकीचं पाहिलं असशील," रघु म्हणाला.

"मी नाही चुकत! पुन्हा ढकला!"

पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एकूण सहा वेळा! सहदेवचा सदरा घामाने पाठीला चिकटला. रघुने सहा ओळी लिहिल्या आणि सहाही ओळी सारख्याच निघाल्या. बग्गी पुढे गेली की नट सैल, मागे आली की घट्ट.

"मग आपण रोज मागे मागेच जाऊ या स्टेशनाला!" सहदेव म्हणाला. "हवालदारला शिकवू!"

कुणी हसले नाही, कारण गोदाने डावा नट काढून उजव्या टोकावर लावायला घेतला होता आणि तो लागत नव्हता.

"याचे आटे उलटे आहेत रे! एक नट उजवीकडे फिरवून आवळतो, दुसरा डावीकडे. विलायतेतले कारागीर इतके गबाळे?"

सहदेव सुताराचा मुलगा. त्याने दोन्ही नट हातात घेतले आणि चाक हळूहळू फिरवून पाहिले. मग तो सावकाश बोलू लागला. "गबाळे नाहीत. फिरताना चाक नटाला थोडं थोडं आपल्याबरोबर ओढतं. म्हणून चाक ज्या बाजूला फिरतं, त्याच बाजूला नट घट्ट व्हायला हवा. डावीकडून पाहिलं तर चाक एका बाजूला फिरतं, उजवीकडून पाहिलं तर दुसऱ्या. म्हणून दोन टोकांना दोन तऱ्हेचे आटे!"

"मग आपल्याकडे उलटं का होतं?"

सहदेवने नट खाली ठेवले. त्याचा चेहरा पडला.

"बोल ना रे!"

"बा प्रत्येक गाडीचा आस उलटवतो," तो खाली बघत म्हणाला. "रस्त्याच्या कडेला उतार असतो. डाव्या अंगाला भार जास्त, तिकडे आस जास्त झिजतो. म्हणून खोललेली गाडी परत जोडताना डावं टोक उजवीकडे घालायचं, उजवं डावीकडे. बैलगाडीला ते चालतं, तिला खीळ असते. बाने या बग्गीचाही आस तसाच..."



"तुझा बा तुला मारेल?" गोदाने हळूच विचारले.

"मारेल. आधी मला, मग तुम्हाला." सहदेव उठला. "तो खाडीपलीकडे कोनला गेलाय, होडीने संध्याकाळी येईल. मी मोठा पाना आणि पहार घेऊन येतो. आस पुन्हा फिरवू या!"

"अरे पोरांनो, थांबा!" काळुराम घाबरला. "साहेबांचा हुकूम आहे."

रघुने वहीची कालची पाने उलटली. "हुकूम असा आहे: 'काळुरामने ही बग्गी हाकायची नाही.' दुरुस्त करायची नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही!"

"वकिलाच्या घरचा शोभतोस," काळुराम म्हणाला. कालपासून तो पहिल्यांदाच हसला.

*

मग तबेल्यात खरे काम सुरू झाले. पहारीने बग्गी उचलून खाली ओंडके सरकवले. दोन्ही चाके उतरवली. बग्गीखालच्या लोखंडी कमानींना आस आवळणाऱ्या चार पट्ट्या होत्या आणि त्यांचे आठ नट गंजाने धरले होते. सहदेवने त्यांवर खोबरेल सोडले.

"आता थांबायचं," तो म्हणाला.

"किती?"

"दोन कैऱ्या खाऊन होईपर्यंत."

दोन कैऱ्यांनंतर सात नट निघाले. आठव्यासाठी रघु आणि सहदेव दोघेही पान्याला लोंबकळले. नट सुटला आणि दोघे वंगणाच्या डब्यात आदळले. रघुचे धोतर कमरेपासून खाली काळे झाले!

"काकू आता मला ओळखणार नाहीत!"

"घोडा समजून चंदी घालतील," गोदा म्हणाली.

आस बाहेर काढायला चौघांचे हात लागले. गोदा त्याचे डावे टोक फडक्याने पुसत होती. वंगणाचा जाड थर निघाला आणि खाली लोखंडात कोरलेले काहीतरी दिसले.

"रघु, हे बघ. चित्र आहे की अक्षर?"

"अक्षर! इंग्रजी 'आर'! म्हणजे राइट. उजवा!" रघु जवळजवळ किंचाळला. दुसऱ्या टोकाला 'एल' निघाला. डावा!

"आणि हे होतं डाव्या बाजूला! काय रे, विलायतेत डावा हात उजवीकडे असतो का?" गोदाने विचारले. या वेळी मात्र चौघेही पोट धरून हसले.

आस फिरवून बसला. पट्ट्या आवळल्या, चाके चढली, चुन्याच्या नव्या रेघा ओढल्या. दुपारचे तीन वाजले होते.

"आता आठ मैल जाऊन यायचं," रघु म्हणाला. "त्याशिवाय पुरावा पक्का नाही."

"पण मी हाकायची नाही ना!"

"तू नुसता बस, आजा," गोदाने लगाम उचलला. "हाकणार मी!"

कल्याणच्या लोकांनी त्या दिवशी एक नवलच पाहिले. अकरा वर्षांची पोर बग्गी हाकते आहे, शेजारी तिचा आजा हाताची घडी घालून बसला आहे आणि मागे वंगणाने माखलेली दोन पोरे! मुरबाडच्या रस्त्याने प्रत्येक मैलाच्या दगडापाशी बग्गी थांबे. सहदेव उडी मारून रेघा बघे आणि ओरडे, "जागच्या जागी!" रघु ते लिहून घेई. चौथ्या दगडापाशी त्यांनी बग्गी वळवली. परतीच्या वाटेवर चार वेळा तीच ओरड. आठव्या वेळी सहदेवचा घसा बसला होता.

*

संध्याकाळी दाजीसाहेब कल्याण स्टेशनाबाहेर आले आणि थबकले.

"ही बग्गी इथे कशी? काळुराम!"

"काळुरामआजोबांनी हाकली नाही, काका. ते नुसते बसले होते," रघु म्हणाला. "बसा ना!"

"मी? यात? मी चालत येतो!"

तेवढ्यात मागून आवाज आला. "सद्या! माझा मोठा पाना कुठाय?" धोंडीबा सुतार धोतर सावरत तरातरा येत होता. होडीतून उतरल्याबरोबर त्याला पोरांची बातमी लागली होती.

सहदेव पळाला नाही. त्याने पाना बापाच्या हातात दिला. "बा, तू आस उलटवलास. बैलगाडीचा उलटवतोस तसा. म्हणून चाक पडायचं. काळुआजाने नट रोज आवळलेला!"

"कालचं पोर मला शिकवतंय!"

"नट बघ, बा. मग मार."

धोंडीबा खाली वाकला. त्याने दोन्ही नट पाहिले, आटे पाहिले, 'आर' आणि 'एल' पाहिले. मग चाकाला हात लावून ते मनातल्या मनात फिरवून पाहिले. रघुने शेजारी उभे राहून वही वाचून दाखवली: तीन तारखा, अंगणातल्या सहा फेऱ्या आणि आठ मैलांच्या आठ नोंदी.

धोंडीबा उठला. त्याने पाना खाली ठेवला.

"वीस वर्षं मी आस असाच उलटवतोय. एक नट उलटा फिरतो हे मला खोलताना दिसलेलं. वाटलं, बनवणाराच चुकला असेल! साहेब, चूक माझी आहे. काळुरामदादाची नाही." मग त्याने सहदेवच्या डोक्यावर हात ठेवला. "पोराने बापाचं काम तपासलं आणि बरोबर तपासलं. उद्यापासून खोललेली प्रत्येक गाडी जोडण्याआधी तू बघायची."

दाजीसाहेबांनी वही हातात घेतली आणि पाने उलटून पाहिली.

"रोज कोर्टात मी ओरडतो, साक्ष घेतल्याशिवाय निकाल नको," ते शेवटी म्हणाले. "आणि घरी मात्र साक्ष न घेताच निकाल देऊन बसलो! काळुराम, माझं चुकलं. व्यापाऱ्याला मी निरोप पाठवतो. हवालदार कुठेही जाणार नाही, तू नाही आणि गोदाही नाही. पोरांनो, माझ्या ओळखीत इतका नेटका तपास करणारा फौजदार नाही! घे, लगाम घे."

काळुरामने लगाम घेतला. दाजीसाहेब बग्गीत चढले. चढताना त्यांनी डाव्या चाकाकडे चोरून पाहिलेच! मुले मागे दाटीवाटीने बसली आणि धोंडीबा पायरीवर उभा राहिला. हवालदार वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर सवयीप्रमाणे थांबला, पण त्या संध्याकाळी त्याला कुणी ओरडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुरामने पाना गोदाच्या हातात दिला. "घे, बाय. आजपासून हे काम तुझं."

गोदाने पाना नटावर बसवला आणि आवळायला सगळा जोर लावून ओढला.

नट तसूभरही हलला नाही!