कात्रीबंदी

लिफ्टमध्ये शिरताच धाकटीची नजर आरशातल्या एका डोक्यावर पडली आणि तिथेच अडकली. एक कल्ला कानाच्या वर, दुसरा कानाच्या खाली. मागे तर कुणी घाईघाईत गवत कापून पळाल्यासारखं.

"कुणी केलं हो हे?" तिच्या तोंडून निसटलंच.

डोक्याचा मालक दचकला. मग आरशातूनच हसला... आणि खरं सांगायचं तर, तो हसला की कल्ल्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

"कोपऱ्यावरच्या सलूनच्या मालकांनी. त्यांची चांगली कारागीर सोडून गेली ना, तेव्हापासून ते स्वतःच कापतात."

"ती कारागीर मीच."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि तुमचा करार लिहिणारा वकील... मीच."

करार असा की, नोकरी सोडल्यावर वर्षभर या शहरात कुणाच्या केसांना कात्री लावायची नाही. म्हणून धाकटी याच इमारतीत पाचव्या मजल्यावर ताईकडे राहून तिचं तान्हं सांभाळत होती आणि दिसेल त्या डोक्याकडे भुकेल्यासारखी बघत होती.

"फुकट कापले तर?"

"'मोबदला घेऊन वा न घेता' असं लिहिलंय."

"आणि माझे स्वतःचे?" डोळ्यांवर आलेली झुलपं फुंकरीने उडवत तिने विचारलं.

"'कोणत्याही व्यक्तीचे'... म्हणजे तुमचेही." तो ओशाळला. "पहिलंच काम होतं हो माझं. जरा जास्तच मन लावून केलं."

वकीलसाहेबांचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पण त्या दिवसापासून ते लिफ्टने पाचव्यापर्यंत यायचे आणि "अरे, चुकलंच!" म्हणून परत खाली जायचे.

"तुझा झिपऱ्या आला बघ," ताई बाळाला थोपटत म्हणायची. "जपून हं! मालकाचा माणूस आहे तो."

खरोखरच झिपऱ्या झाला होता. त्याने मालकांना डोक्याला हात लावू देणंच सोडलं होतं. "नवा कायदा येतोय," तो दारात उभ्या उभ्या सांगायचा. "लहान पगाराच्या माणसावर अशी बंदी घालता येणार नाही. जुने करारही रद्द."

"कधी?"

"चर्चा चालू आहे..."

चर्चेवर पोट भरत नाही. दूरच्या शहरातल्या एका सलूनने धाकटीला बोलावलं, सोमवारी रुजू व्हायचं ठरलं. हे ऐकल्यावर वकीलसाहेब त्या दिवशी जिन्यानेच खाली गेले.

शनिवारी मात्र ते धापा टाकत दारात हजर. "झाला! कायदा लागू झाला! कापा!"

बाल्कनीत स्टूल आलं, त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल आला. इतक्या महिन्यांनी धाकटीने कात्री हातात घेतली. मग पहिली बट गळली आणि तिने खोल श्वास घेतला.

"मालक चिडलेत माझ्यावर," तो मान खाली घालून म्हणाला. "म्हणाले, तिला अडवायचं दुसरं काहीतरी शोध."

"मग? शोधलंत?"

"त्यांचं काम मी तिथल्या तिथे सोडलं. पण शोधत होतो... माझ्यासाठी."

कात्री मंदावली.

"नाही सापडलं. आता तुम्ही कुठेही जाऊ शकता. तुम्हाला अडवायला माझ्याकडे एकही कलम नाही. म्हणून नुसतंच विचारतो — थांबाल?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. ताईचे कान तिकडेच असणार! धाकटीने समोर पाहिलं. निम्मं डोकं नीट, निम्मं जंगल. असल्या अवस्थेत विचारायचं धाडस करणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

"मान वर करू नका."

"पण उत्तर—"

"येत नाही म्हणून कळवते त्यांना. इथेच काम शोधेन. आता हललात तर कान जाईल."

तो हलला नाही. फक्त टॉवेलखालून एक हात बाहेर आला आणि त्याने तिच्या डाव्या हाताची करंगळी धरली. तिला कंगवा खाली ठेवावा लागला. एका हाताने केस कापायला फार वेळ लागतो... पण आता सोमवारची घाई होती कुणाला?