मुद्दा तिसऱ्या पानावर

लिफ्ट बंद होती आणि ती बंद करायला लावणारी तीच होती, त्यामुळे कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती. चढायचे होते पाच मजले. तिसऱ्यावरच जीव कंठाशी आला. ती पायरीवर बसली. वरून एक तरुण हत्यारांची पिशवी सांभाळत उतरत होता.

"पाणी?" त्याने बाटली पुढे केली.

"द्या. आणि त्या पाल्हाळरावांना माझा नमस्कार सांगा!"

"कोण पाल्हाळराव?"

"आमच्या कंपनीत लिफ्ट तपासायला नवीन लागलेत. अहवाल काय लिहितात! पहिल्या पानावर रखवालदाराची तब्येत, दुसऱ्यावर दिवे किती छान, आणि दोर झिजलाय हे तिसऱ्या पानाच्या तळाशी. आमचे साहेब दोन ओळी वाचून सही करतात. काल मी शेवटपर्यंत वाचलं म्हणून, नाहीतर..."

"तुम्ही... शेवटपर्यंत वाचलंत?" त्याचे कान लाल झाले. "मग तुम्ही पहिल्याच. मीच तो — पाल्हाळराव."

तिला असा ठसका लागला की अर्धी बाटली साडीवर सांडली. त्याने नजर दुसरीकडे वळवली, पण हसू काही लपलं नाही.

अहवाल तपासणं, कापणं हेच तिचं काम; ऑफिसात तिला सगळे 'कात्री' म्हणत. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या टेबलासमोर येऊन बसू लागला.

"आमच्या गावाकडच्या भाषेत आधी चांगलं सांगायचं, मग वाईट," तो म्हणाला. "तोंड उघडताच वाईट बातमी दिली, तर लोक आईला विचारतात, पोराला काही वळण लावलंय की नाही?"

"आणि तोवर दोर तुटला तर?"

"तेही सांगतो ना... पण शेवटी."

वाचतानाही तेच. खरा मुद्दा तळाशीच असणार, या खात्रीने तो प्रत्येक कागदाच्या शेवटच्या ओळीवर उडी मारायचा. कायम नेमणुकीच्या लेखी परीक्षेची सूचना आली, त्यातलं त्याला एवढंच माहीत होतं की निळ्या शाईचं पेन आणावं. अहवाल लिहून दाखवायचा हे वर होतं, तारीखही वर होती, आणि ती वीस दिवसांवर येऊन ठेपली होती. नापास झाला तर नोकरी संपणार, तो दूरच्या आपल्या गावी परतणार. तिने अर्धा डबा तसाच बंद केला. भाजीत मीठ जास्त झालंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"लिहा. पहिली ओळ — दोर झिजलाय, लिफ्ट बंद ठेवा. बस!"

"इतकं उद्धट?"

"जीव वाचतो त्याने. लिहा!"

तो लिहायचा, ती कापायची. "रखवालदार गेला," ती म्हणायची. "अरेरे, कालच त्याचा ताप उतरला होता," तो म्हणायचा. खिडकीवर पाऊस टपटपत असायचा. चष्मा पुसता पुसता तो तिच्याकडे बघायचा, आणि तिचं पेन भलतेच शब्द कापून मोकळं व्हायचं.

तो पास झाला! जागा मात्र दोन ठिकाणी होत्या — इथे, किंवा त्याच्या गावच्या शाखेत. संध्याकाळपर्यंत पसंती कळवायची होती. तो फॉर्म घेऊन तिच्यासमोर आला.

"सरळ सांगा," तो म्हणाला. "काय लिहू?"

इथेच घोडं अडलं. "तुमच्या आईला बरं वाटेल... गावी. आपली भाषा, आपली माणसं. इथे काय, जिने आणि पाऊस! माझी मावशी विचारत होती, ते लिफ्टवाले घरी कधी यायचे म्हणून. मी म्हटलं, त्यांना वेळ कुठे? रखवालदारही तुमची आठवण..."

आपण काय बोलतोय हे तिला ऐकू येत होतं, आणि थांबता येत नव्हतं. लाज वाटत होती, रडूही येत होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, बाई, मुद्द्यावर या! तो तसं म्हणाला नाही. टेबलावर कोपरं टेकून, घड्याळाकडे न बघता, तो ऐकत राहिला. मुद्दा शेवटी येतो हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"...आणि तुम्ही गेलात तर मला करमणार नाही," ती अखेर म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात. इथे."

त्याने पेन उचललं. कारणासाठी फॉर्मवर आठ ओळी रिकाम्या होत्या. त्याने वर दोनच शब्द लिहिले, 'इथेच राहीन', आणि कागद तिच्याकडे फिरवला.

"आणि कारण?" तिने डोळे पुसत विचारलं.

"ते आठ ओळींत मावायचं नाही. मावशींसमोर येऊन सांगतो... अगदी पहिल्यापासून."

"सांगा," ती म्हणाली. "मी मध्ये बोलणार नाही."