उलान तीन तास लवकर आला

"अहो, बोट सोडू नका!" मी धक्क्यावरून ओरडले.

दोर सोडणाऱ्या त्या उंच तरुणानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. इस्सिक-कुल सरोवर आरशासारखं शांत होतं. बोटीतली बारा माणसं माझ्याकडे टकमक बघत होती.

"का हो? पाण्याला ताप आलाय?"

"उलान सुटणार आहे. मी हवामान केंद्रातून आलेय." मी इशाऱ्याचा पिवळा कागद पुढे केला.

"इथं बालिकचीतच जन्मलोय मी. पश्चिमेचा वारा मला शिकवता?" तो पुटपुटला. पण माणसं उतरवली त्यानं.

आणि उलान… आलाच नाही! दिवसभर साधी झुळूकसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तो केंद्राच्या दारात हजर. हातात दोरीत ओवलेले चेबाक मासे.

"मी एर्मेक. काल बोट बंद, मग धक्क्यावर बसून गळ टाकला. तुमचा वाटा आणलाय, हवावाल्या बाई."

माझे कान तापले. "माझं नाव बुरुल. आणि इशारा म्हणजे वचन नव्हे. असं हवामान असलं की दहापैकी सात वेळा वारा येतो. काल उरलेल्या तिनांतला एक दिवस निघाला."

"आणि सातांतला निघाला असता तर?"

"तर आज माशांनी तुम्हाला दोरीत ओवलं असतं."

तो इतका मोकळा हसला, की आमच्या वरिष्ठ झामिरा एजे, म्हणजे झामिराताई, आतल्या खोलीतून डोकावून गेल्या.

मग तो रोज सकाळी यायला लागला. "आज कसं?" एवढंच विचारायला. मी त्याला गच्चीवर नेऊन पश्चिमेकडची बूमची खिंड दाखवायची. खिंडीवर ढग लोळायला लागला, हवेचा दाब उतरायला लागला, की उलान जवळ आला समजायचं. जुलैत आमच्याकडे सकाळी ऊन, दुपारी गारा. एका नजरेवर भागत नाही, पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

"ढग तिकडे आहे," मी म्हणायची.

"माहीत आहे… पुन्हा पुन्हा बघायला तूच सांगितलंस ना?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र दोघांनाही कळलं नाही.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या सुट्टी ना तुला? चल पाण्यावर. अंदाज तूच सांग, मी निमूट ऐकतो."

"वारा संध्याकाळी सहानंतर," मी ऐटीत सांगितलं. "आपण चारला परत."

रविवारी दुपारी तीनला आम्ही उत्तर किनाऱ्यापासून बरेच आत होतो. एर्मेकनं यंत्र बंद केलं. पाणी बोटीला हलकेच थोपटत होतं. त्यानं निवडून काढलेलं एक जर्दाळू माझ्या हातावर ठेवलं… आणि बोटं तिथंच राहिली.

"बुरुल, मला तुला एक—"

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून मला बूमची खिंड दिसली. तिच्या तोंडातून ढगांची करडी भिंत बाहेर पडत होती.

"एर्मेक, किनारा! जवळचा कुठलाही!"

त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. बोट गर्रकन वळली. मी फोन कानाला लावला. "एजे, उलान आत्ताच आलाय! भोंगा वाजवा, सगळ्या बोटी परत बोलवा!"

पुढची वीस मिनिटं मी बादलीनं पाणी उपसत होते. लाटा बोटीवरून पार जात होत्या. एर्मेक दात आवळून सुकाणू धरून होता. शेवटी बोट वाळूत घुसली.

झामिरा एजेंचा फोन आला. सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या होत्या. तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

"तीन तासांनी चुकले मी! बारा माणसांना उतरवणारी… आणि तुला बुडवायला निघाले होते."

"अंदाज चुकला, पण ढग तुलाच दिसला," तो म्हणाला. "मी फक्त तुला बघत होतो. दोघंही तेच करत बसलो असतो, तर आटोपलंच होतं!"

मी रडता रडता हसले.

किनाऱ्यावरच्या घरातून एक म्हातारी धावत आली आणि आम्हाला ओढतच आत घेऊन गेली. गरम चहा दिला, तळलेले बोरसोक वाढले. माझे निथळणारे केस पुसून तिनं डोक्याला पांढराशुभ्र रुमाल बांधला.

"नवी सून अशी ओल्या केसांनी हिंडते का गं? नजर लागेल."

आमच्याकडे नवरीला असा पांढरा रुमाल सासरीच बांधतात. एर्मेक कानापर्यंत लाल झाला.

"एने, आम्ही… म्हणजे ही माझी…" आणि अडकला. कधी उत्तरासाठी न अडणारा हा माणूस!

"माझी कोण? आठवेना होय?" म्हातारी खुदकन हसली.

माझा हात रुमालाच्या गाठीकडे गेला. सोडायला गेला होता खरा… पण गाठ नीट करून खाली आला.

"अजून कुणी नाही, एने," मी म्हणाले. "पण त्यानं विचारलं, तर होईन."

बाहेर वारा खिडक्या खडखडवत होता. एर्मेकनं चहाची वाटी खाली ठेवली. ओठ हलले, शब्द काही ऐकू आले नाहीत.

"मोठ्यानं विचार रे!" म्हातारी ओरडली. "एवढ्या वाऱ्यात मला कमी ऐकू येतं!"

त्यानं मोठ्यानं विचारलं.