चौथ्या नावाची हजेरी

मिलिंदला नम्रपणा जमत नसे, आणि जमत नाही याचाही त्याला अभिमान होता. अंबरनाथच्या कारखान्यात तो मशीनपुढे उभा राही तोही स्टेजवर असल्यासारखा. २००६ साली त्याच्या 'चौथा कॅम्प' या रॉक बँडचे श्रोते मोजून चाळीस, त्यातले अकरा नातेवाईक. गाणी वीस-वीस मिनिटांची, मध्येच ताल बदलणारी. आता अल्बम करायचा तर सत्तर सालच्यासारखा: कॉम्प्युटर नाही, जोडकाम नाही, स्पूलच्या टेपवर एका दमात.

आणि सुरुवातीला हजेरी. ही रीत त्याच्या वडिलांची. धोंडिबांच्या भीमगीतांच्या पार्टीत गाण्याआधी वहीतून एकेकाचं नाव पुकारलं जाई. 'हजर' म्हटल्याशिवाय वाद्याला हात नाही. ती वही खरवईच्या घरी आईच्या, म्हणजे माईच्या, ट्रंकेत होती.

"ने," माई म्हणाली. "पण हजेरी घेणाऱ्याचं नाव दुसऱ्यानं पुकारायचं. तुझ्या बाबांचं ढोलकीवाला सदू पुकारायचा."

"का गं?"

"ते नाही ठाऊक. पण कधी चुकवलं नाही त्यांनी. आणि बाबा पेटी वाजवायचे तसं वाजव. नुसती बोटं आपटू नकोस."

हे शेवटचं वाक्य ती बारा वर्षं म्हणत होती. अल्बम त्या चाळीस जणांसाठी नव्हताच. या एका बाईनं एकदा मान डोलवावी, एवढ्यासाठी होता.

बँडच्या सरावाच्या खोलीशेजारचा जीन्स शिवायचा कारखाना शुक्रवारी बंद असे, मशीनचा आवाज नसे. त्या दुपारी उल्हासनगरात कॅम्प चारच्या त्या खोलीत चौघं जमले. नव्या टेपचं सील वृंदानं सगळ्यांसमोर फोडलं.

"तेरा नाम मैं लेता हूँ," गिटारवाला हेमचंद्र म्हणाला.

"माझं नाव घ्यायला मला माणूस लागत नाही," मिलिंद म्हणाला आणि वही उघडली.

"रघु, ड्रम." हजर. "वृंदा, बेस." हजर. "हेमचंद्र, गिटार." हजर. "मिलिंद, ऑर्गन. हजर!"

अठरा मिनिटं ते एका दमात वाजवत राहिले. मग टेप मागे घेऊन ऐकायला बसले.

तीन नावं बरोबर आली. चौथं नाव आलं, आणि मिलिंदच्या 'हजर'च्या किंचित आधी आणखी एक 'हजर' आलं. जाडसर, शांत आवाज. माइकच्या अगदी जवळचा.

"कौन बोला बे?" रघु हसला, पण एकटाच.

ऑर्गन सुरू झालं. सातव्या मिनिटाला एक लांब तान होती, मिलिंदची बोटं तिथे दर वेळी अडखळत. आज टेपवर ती पाण्यासारखी उतरली.

"बाप रे," वृंदा म्हणाली. "हे तू वाजवलंस?"

त्या तानेत आपण अडखळलो होतो, हे मिलिंदला पक्कं आठवत होतं. बोटांना अजून घाम होता.

"मग काय," तो म्हणाला. "मीच."

त्यांनी टेप पुन्हा लावली. या वेळी चौथ्या नावावर एकच 'हजर' होतं.

त्याचं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं कॅसेट करून माईला लावून दिली. ती डोळे मिटून बसली. सातव्या मिनिटाला तिची मान डोलली.

बारा वर्षांनी.

"माझं लेकरू," ती पुटपुटली. "काय वाजवतंय! अन् नाव पुकारल्यावर बोलला कसा, छाती भरून. बाबांचं नाव राखलं गं बाई."

"माई," मिलिंद पुढे सरकला. "अगं, मीच तो."

तिनं डोळे उघडले. त्याला नीट न्याहाळलं. मग संकोचून पदर सारखा केला.

"बसा ना," ती म्हणाली. "मिलिंद येईलच इतक्यात. तुम्ही कोण म्हणून सांगू त्याला?"

त्यानं तोंड उघडलं.

जिन्यावर पावलं वाजली. कुणीतरी ती लांब तान गुणगुणत वर येत होतं, एकदाही न अडखळता.

"आलाच बघा," माई अभिमानानं म्हणाली, आणि दार उघडायला उठली.