शिलालेखातलं साल

फौजदार मारुतराव शितोळे बारवेच्या काठाशी थांबले. खाली हिरव्या पाण्यात एक माणूस पालथा तरंगत होता, डोक्यामागे खोल घाव होता. आवारात मधमाश्यांच्या घोंघावण्याखेरीज कसलाच आवाज नव्हता.

१९५४ चा उन्हाळा. चाकणपासून दोन कोसांवरचं जुनं देऊळ. मेलेले गृहस्थ प्राध्यापक उद्धवराव राजोपाध्ये. तीस वर्षं त्यांनी जुन्या देवळांचा इतिहास लिहिण्यात घालवली होती.

गाभाऱ्याच्या दाराशी शिलालेख होता. त्यातलं साल छिन्नीनं उडवलेलं होतं. खाली ताजी पांढरी भुकटी.

झाडलोट करणारी गोजाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"शेवटचं कधी पाहिलंत त्यांना?"

"सकाळी. त्या दगडावर पिढ्यान् पिढ्यांचा चुना व्हता. आज त्यांनी माज्याकडनं खरवडून घेतला. वाचलं न् पोरावानी हसले. चाकणला टपालात टाक म्हनून ह्ये कार्ड दिलं. मी घरला गेले. दुपारी आले तर ह्ये असं."

मारुतरावांनी कार्ड वाचून खिशात ठेवलं.

उद्धवरावांचा शिष्य अर्जुनराव याला चाकणहून बोलावून आणलं. त्याचा प्रबंध याच देवळावर, सरांनी बांधणीवरून ठरवलेल्या सालावर उभा होता. जूनपासून सरांच्या जागी त्याची नेमणूक व्हायची होती.

"इथं शेवटचं कधी आला होतात?"

"परवा. कालपासून चाकणातच आहे."

"सरांनी जीव का दिला असेल?"

अर्जुनरावानं कपाळ पुसलं. "ज्या सालावर नाव कमावलं, ते दोनशे वर्षांनी चुकलं. कोण सहन करील?"

मारुतरावांनी शिलालेखाकडे बोट दाखवलं.

"चुना आज सकाळी निघाला. दुपारच्या आत साल उडवलेलं होतं. गोजाबाईंना वाचता येत नाही. मग दोनशे वर्षं तुम्हाला कुणी सांगितली?"

अर्जुनराव मागे सरकला. मागे हवालदार उभा होता.

"तुम्ही सकाळी आलात. सरांनी आनंदानं तुम्हाला साल दाखवलं. तुम्ही मागून घाव घातलात, त्यांना बारवेत लोटलंत आणि साल उडवलंत. डोक्यामागे घाव घालून कुणी जीव देत नाही. शिवाय हे त्यांचं प्रकाशकाला कार्ड." त्यांनी वाचलं, "'माझा ग्रंथ चुकला. नव्यानं लिहितो. या वयात एवढा आनंद मिळेल असं वाटलं नव्हतं.'"

अर्जुनराव उडवलेल्या सालाकडे वळला. "मी पाया पडलो त्यांच्या. एक वर्ष थांबा म्हटलं. त्यांना चूक परवडत होती, फौजदारसाहेब. त्यांचं सगळं होऊन गेलं होतं. माझं आता कुठं सुरू होणार होतं."

गोजाबाई उठून त्याच्यासमोर आली.

"तुला लेक म्हनायचे रं त्ये," ती म्हणाली.

हवालदारानं बेड्या पुढे केल्या, तेव्हा अर्जुनरावानं दोन्ही हात आपणहून पुढे धरले. नखांत अजून पांढरी भुकटी होती.