फ्लॉपीतला मंगळ

धोंडप्पांनी पुस्तिका टेबलावर अशी आपटली की कपातला चहा बशीत सांडला.

"वाचा बाई. पोरीचं पान वाचा."

शिवकांताबाईंनी चष्मा चढवला. लिंगायत समाजाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेच्या त्या संपादक, आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. धोंडप्पा समितीचे अध्यक्ष, दिंद्रुडचे खत-बियाण्यांचे व्यापारी. त्यांच्या लेकीच्या, शिवांजलीच्या पानावर फोटो ठीक होता, शिक्षण ठीक होतं. खाली मात्र छापलं होतं, 'मंगळ : कडक.'

"हिला मंगळ कधीपासून?"

"तेच तर! निलंग्याच्या पाव्हण्यांचा सकाळीच फोन आला. सोमवारी सुपारी फुटायची होती. म्हणले, पत्रिका खोटी दाखिवली तुमी. मी म्हणलं, छापायला चुकलंय. तर म्हणले, अध्यक्ष तुमीच, मग तुमच्याच पोरीचं कसं चुकंल?"

कोपऱ्यात स्वप्नाली उभी होती. लिंबागणेशच्या रामकिसनची लेक. रोज एसटीनं बीडला यायची आणि समितीच्या कॉम्प्युटरवर पुस्तिकेचं काम करायची. डोळे रडून लाल झालेले.

"हिनंच केलं," धोंडप्पा म्हणाले. "फोटो उलटा लावला म्हणून मागल्या महिन्यात चार माणसांत बोललो हिला. त्याचा राग काढला. आत्ता सगळ्या हापिसापुढं सांगितलंय, उद्यापासून यायचं न्हाई. आन् मी पोलिसात बी देणार हाय."

"मी न्हाई केलं, बाई," स्वप्नाली म्हणाली. "माझ्या वडलांच्या, दादांच्या कानावर गेलंय. गावात तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई. मला बी स्थळं येतेत."

बाईंचा कोणावरच चटकन विश्वास बसत नसे. सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या पोराचं दप्तर आधी तपासायचं, ही त्यांची शाळेतली खोड. त्यांनी रडणाऱ्या स्वप्नालीकडे संशयानं पाहिलं, आणि ओरडणाऱ्या धोंडप्पांकडे जरा जास्तच.

"पोलिसांकडे उद्या जा, आप्पा. आज मला बघू द्या."

धोंडप्पा गेल्यावर बाई खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. सन दोन हजार उजाडलं तरी या डब्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"आता नीट सांग. माहिती राहते कुठं?"

"तीन मशिनीत. इथं दोन, तिसरं दिंद्रुडला बद्रीनाथकाकांकडं. प्रत्येक पोरीची वेगळी फाईल. तिन्हीकडं सारखंच राहायला पायजे, म्हणून फ्लॉपी फिरती."

"आणि दोन ठिकाणी वेगवेगळं असलं तर?"

"फ्लॉपी घातली की मशीन तारीख बघती. ज्या फाईलीवर मागून हात फिरलाय ती ठिवती, जुनी पुसती. नुसती इकडून तिकडं नेली तर फाईलीची तारीख बदलत न्हाई. आपल्याला विचारीत बी न्हाई."

म्हणजे शेवटी बोलणारा खरा, बाईंच्या मनात आलं. समितीच्या बैठकीतही हेच चालतं.

"शिवांजलीची फाईल तू शेवटची कधी उघडलीस?"

"पंचवीस तारखेला. ताई स्वतः आलत्या. वाचून म्हणल्या, बरोबर हाय. इथूनच अंबाजोगाईला मामाकडं गेल्या. फ्लॉपी आप्पांनी दिंद्रुडला नेली. सव्वीसला दुपारी तेच परत घेऊन आले. मी मशिनीत घातली, आन् सत्तावीसला छपाई झाली."

"मग आता फाईलीवर तारीख कोणती आहे?"

स्वप्नालीनं कळ दाबली. पडद्यावर आलं, सव्वीस.

"म्हणजे ज्या दिवशी फ्लॉपी तुझ्या हातात आली, त्याच दिवशी," बाई थंडपणे म्हणाल्या.

स्वप्नालीचा चेहरा उतरला. मग ती एकदम सावरून बसली.

"पण बाई, सव्वीस कशी येईल? आमच्यात सव्वीस तारीख नसतीच!"

"नसते म्हणजे?"

"सव्वीसला उठणारा व्हायरस हाय. मागल्या साली त्यानं आख्खं मशीन खाल्लं, सगळी नावं पुन्ना टाईप केली. तवापासून सव्वीसला मशीन सुरू केलं की पहिल्यांदा तारीख सत्तावीस करायची, मगच कामाला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी पुन्ना जाग्यावर आणायची."

अमावस्येला कापूस न विकणारी माणसं बाईंनी पाहिली होती. तारीखच गिळून टाकणारी पहिल्यांदाच पाहिली.

"पर्स घे," मग त्या उठल्या. "दिंद्रुडला जाऊ."

बद्रीनाथचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान बसस्थानकाला लागूनच होतं. त्याच्या पुतण्यासाठी शिवांजलीला मागणी घातलेली आणि धोंडप्पांनी ती फटकन नाकारलेली, हे बाईंना ठाऊक होतं. त्यामुळे त्यांनी चहा नाकारला.

"शिवांजलीची फाईल उघडा."

"कावून? काय झालं?"

"आधी उघडा."

त्यानं उघडली. 'मंगळ : नाही.' तारीख पंचवीस.

"तुमच्याकडे बरोबर कशी?"

"आप्पांनी पंचवीसला संध्याकाळी फ्लॉपी दिली. मी मशिनीत घातली आन् त्यांच्यासमोरच परत केली. पुन्ना माझ्याकडं आलीच न्हाई."

"सव्वीसला तुम्ही तारीख बदलता?"

"बदलतो म्हंजे? हात जोडून बदलतो! मागल्या साली ह्या पोरीकडून आलेल्या फ्लॉपीनं माझं बी मशीन मेलं होतं. लई महागात पडलं."

"राग आहे ना तुमच्या मनात? पुतण्याचा?"

बद्रीनाथ कसनुसा हसला. "हाय की. म्हणून काय पोरीच्या पत्रिकेत मंगळ घुसवू? पुतण्याचं जमलं बी, लातूरला."

बाई बाहेर आल्या. फाईल बिघडली ती सव्वीसला, आणि तिन्ही मशिनींनी तर ती तारीख पाहिलीच नव्हती.

"स्वप्नाली, मराठी अक्षरं असलेलं चौथं मशीन इथं कुणाकडे आहे?"

स्वप्नालीनं रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर धोंडप्पांचं दुकान होतं.

आत गल्ल्याशेजारी नवा कॉम्प्युटर होता, त्यावर विभूतीचे तीन पट्टे. धोंडप्पा पोत्यांपाशी उभे होते, थोरला लेक वीरेश गल्ल्यावर. शिवांजली गिऱ्हाईकाला बियाणं दाखवत होती. स्वप्नालीला बघून धोंडप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हिला कशाला आणलं?"

"सांगते. दुकान कोण चालवतं, आप्पा?"

"आमची शिवांजली. बिलं, माल, कंपनीची माणसं, सगळं तीच बघती. तिनंच ही मशीन घ्यायला लावली."

"ती सव्वीसला इथं होती?"

"मी मामाकडं गेलते," शिवांजली म्हणाली. "मामाला विचारा."

"मग त्या दिवशी मशिनीवर कोण होतं?"

"मी होतो," वीरेश म्हणाला. "दोन-चार बिलं काढली. का बरं?"

"व्हायरसच्या भीतीनं सगळे तारीख पुढे करतात म्हणे. तू केलीस?"

वीरेश हसला. "आमचं मशीन कोरं करकरीत हाय, बाई. असली भानगड आमच्याकडं न्हाई. सव्वीस म्हंजे सव्वीस!"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. पोरगं आपल्याच तोंडानं बोललं होतं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला नाही.

"आप्पा, पंचवीसच्या रात्री फ्लॉपी कुठं होती?"

"हितंच, गल्ल्यात. सव्वीसला दुपारी मी बीडला नेली."

"तर ऐका. फाईल बदलली सव्वीसला. बीडच्या दोन्ही मशिनींवर त्या दिवशी सत्तावीस होती, बद्रीनाथकडेही सत्तावीसच, आणि फ्लॉपी त्यांच्याकडे नव्हती. फ्लॉपी होती या गल्ल्यात. सव्वीसला सव्वीस दाखवणारं मशीन हे एकच."

"तारीख बदलता येती ना?" धोंडप्पा तडकले. "मग ह्या पोरीनंच सव्वीस केली असंल!"

"कशासाठी? तिच्या मशिनीवर सत्तावीस होतीच. तिनं फाईल बदलली असती तर ती तशीच नवी ठरली असती. ज्या तारखेनं तिचं मशीन खाल्लं, तीच ती मुद्दाम का लावेल? ज्याला सव्वीसची भीतीच ठाऊक नाही, त्याचं हे काम. तुम्हाला टाईप करता येतं, आप्पा?"

"मला मशिनीचा त्यो उंदीर बी धरता येत न्हाई," धोंडप्पा म्हणाले. म्हणता म्हणता त्यांची मान लेकाकडे वळली.

वीरेशनं खाली पाहिलं.

"दादा?" शिवांजलीनं विचारलं. "तू केलंस?"

"एकच शब्द बदलला," तो पुटपुटला. "वाटलं, हे स्थळ तेवढं जाईल. मागून छपाईची चूक म्हणता येईल." आणि मग त्याचा बांध फुटला. "तू गेल्यावर मी काय करू? गिऱ्हाईक तुलाच विचारतंय. कंपनीचा माणूस तुझ्याशीच बोलतोय. आप्पा चार लोकांत म्हणतेत, शिवांजली गेली की दुकानाला कुलूप. माझ्यादेखत म्हणतेत!"

धोंडप्पा पोत्यावर बसले. बाईंना वीरेशची कीव आली आणि संतापही आला. स्वतःला कमी लेखलं म्हणून यानं दोन पोरींचं नाव बुडवलं होतं.

"बाई," धोंडप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "घरातली गोष्ट हाय. घरातच राहू द्या. ह्या पोरीला मी परत कामावर घेतो. मशिनीची चूक झाली म्हणून सांगू." त्यांनी स्वप्नालीसमोर हात जोडले.

"हात जोडू नका काका," स्वप्नाली म्हणाली. ती मागे सरली नाही. "जेवढ्या लोकांपुढं मला नाव ठिवलं, तेवढ्या लोकांपुढं खरं सांगा. मशिनीची चूक म्हणलं तरी लोक माझीच म्हणतील. मशिनीवर मीच बसते."

"ती म्हणती ते बरोबर हाय, आप्पा," शिवांजली म्हणाली. "निलंग्याच्यांना बी खरं सांगा. त्यावर आले तर येऊ द्या. न्हाई आले तर मी रडत बसणार न्हाई."

रविवारी समितीची बैठक भरली. धोंडप्पा उभे राहिले तेव्हा लोकांना वाटलं, मंगल कार्यालयाच्या वर्गणीचं काही असेल.

"पुस्तिकेतली चूक ह्या पोरीची न्हाई," ते म्हणाले. "माझ्या पोरानं केली. आन् त्याला तिथवर मी नेलं. मी हिच्यावर खोटा आळ घेतला. माफी मागतो."

वीरेश बापाशेजारी मान खाली घालून उभा होता. धोंडप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

दाराशी रामकिसन लेकीला घ्यायला आला होता. त्यानं टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाला, "चल बाय, एसटी जाईल."

"तुमी जावा दादा," स्वप्नाली म्हणाली. "शिवांजलीताईंचं पान पुन्ना छापायचंय. मी मागून येणाऱ्या गाडीनं येते."