अकरा सांधे

"अहो मॅडम, जरा... पाय वाजवू नका ना!"

हर्षाली जागच्या जागी उभी राहिली. पंचवटीतल्या त्या बोळात नुकतं उजाडत होतं, आणि एक तरुण रस्त्यावर गुडघे टेकून, लोखंडी सळईला कान लावून बसला होता. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर गाणं ऐकत असल्यासारखी तंद्री.

"सापडलं," तो हसला. "बरोब्बर तुमच्या पायाखाली गळतंय."

तो रुद्र, जमिनीखालची गळती शोधणाऱ्या कंपनीतला. ती महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातली नवी ज्युनिअर इंजिनिअर. दोन हजार तीनच्या त्या हिवाळ्यात दोघांना मिळून एकच गोष्ट ठरवायची होती— इथली जुनी पाइपलाइन बदलायची, की वाचवायची.

दोन महिने रोज पहाटे ती वही घेऊन त्याच्यासोबत फिरली. धुकं, गोदेवरून येणारा गार वारा, टपरीवरचा आल्याचा चहा...

"मलाही ऐकू द्या ना," एकदा ती म्हणाली.

त्याने सळई पुढे केली. बोटांना बोटं लागली.

"काय ऐकू येतंय?"

"काही नाही... तुम्ही बोलताय ना!"

"मग गप्प बसतो."

"नको," ती पटकन म्हणाली, आणि लाजेने चूर झाली.

पाहणी संपली. अख्ख्या लाइनीत फक्त अकरा सांधे खराब निघाले. ते दुरुस्त केले, की बिडाचा तो पाइप आणखी तीस वर्षं सहज चालणार होता. पण नवी लाइन टाकली असती, तर देखरेख रुद्रच्याच कंपनीकडे आली असती. तो दोन वर्षं नाशकात राहिला असता. नाहीतर लगेच नागपूरच्या कामावर जावं लागणार होतं.

अहवाल लिहिताना हर्षालीचं पेन अडलं.

"रुद्र... 'बदलावी' असं लिहू?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"राहायचं तर मलाही आहे हो. पण चांगला पाइप उकरायला लावून इथे राहिलो, तर रोज तुमच्याकडे कोणत्या तोंडाने बघू?"

तिने 'दुरुस्त करावी' असं लिहिलं. सही करताना अक्षरं पुसट दिसत होती.

आठवड्याभराने तो बॅग घेऊन ऑफिसात आला.

"निघतो. चारची गाडी आहे."

"रविवारी आई-बाबा येवल्याहून येतायत," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय... तुमच्याबद्दल."

"काय सांगितलंत?"

"की... मला तुम्ही आवडता."



"पण माझी गाडी—"

"गाडी रोज असते."

त्याने बॅग हळूच खाली ठेवली.

"मग आईंना काय आवडतं, तेवढं सांगून ठेवा."